खानदेशातल्या पाषाणभिंती: पाहायच्या कशा, राखायच्या कशा?

सुरत–नागपूर महामार्गाने धुळे सोडून साक्रीच्या दिशेने निघाले की माळरानावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसू लागतात. कुठे पुरुषभर उंच, कुठे टेकडीएवढ्या. नवख्या माणसाला वाटते, एखाद्या राजाने बांधलेली तटबंदी पडून राहिली असावी. या भिंती कुणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांत तप्त शिलारस शिरला आणि तिथेच गोठला. भोवतीचा मऊ खडक नंतर झिजून गेला आणि कठीण भाग उघडा पडला. भूवैज्ञानिक त्याला डाइक म्हणतात.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत शिपरॉक नावाचा एक खडक आहे. त्याच्या पायथ्यापासून अशाच पाषाणभिंती वाळवंटात दूरवर गेलेल्या आहेत आणि त्यांची छायाचित्रे भूगोलाच्या पुस्तकांतून जगभर पोहोचली आहेत. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत अशा भिंती शेकड्यांनी आहेत. तरी धुळ्यातल्या किती शाळांची सहल त्या पाहायला जाते, हे विचारून पाहावे.

या भिंती, लळिंगचे कुरण, पाटणादेवीचे कडे आणि तापीकाठच्या घळी मिळून हा एक सलग निसर्गप्रदेश मानायचा का? मानला तर तो लोकांना दाखवायचा कसा आणि राखायचा कुणी? भूविज्ञान, वनखाते, पर्यटन आणि गावकारभार या चार ठिकाणी हा प्रश्न तुकड्यातुकड्याने चर्चेत असतो. चारही बाजू एकत्र मांडून चर्चा कुठवर आली आहे, हे इथे पाहायचे आहे.

वाळवंट नव्हे, पण कोरडा मुलूख

खानदेशाला वाळवंट म्हणणे बरोबर नाही. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो, धुळे शहराच्या आसपास ६०० मिलिमीटरच्या आगेमागे. पण सह्याद्रीच्या आडोशामुळे हा पाऊस बेभरवशाचा असतो, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. माळावर हिवर, बोर, हिंगणबेट आणि निवडुंग. गवतात शेडा, पवन्या, मारवेल आणि कपड्यांना चिकटणारी कुसळी. लांडगा, तरस, ससा आणि माळावरचे पक्षी या गवताच्या आधाराने जगतात.

हा मुलूख फार जुन्या काळापासून उघड्या माळांचा आहे, याचा सुंदर पुरावा जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात मिळाला. पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन केले. तिथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे आणि त्यापासून केलेले मणी सापडले. एका तुकड्यावर माणसाने रेघांची नक्षी कोरलेली होती. या थराचे वय सुमारे २५,००० वर्षे निघाले. शहामृग हा दाट जंगलातला पक्षी नाही, त्याला मोकळे गवताळ मैदान लागते. म्हणजे ज्या काळात इथला माणूस दगडी पात्यांनी शिकार करीत होता, त्या काळात गिरणेच्या खोऱ्यात शहामृग फिरत होते. माळरानाला ‘पडीक’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा कवचाचा तुकडा ध्यानात ठेवायला हवा. इथले गवत हा उजाड झालेल्या जंगलाचा उरलेला अंशच आहे असे धरून चालता येत नाही. त्याचा स्वतःचा इतिहास आहे.

भिंतींचे शास्त्र

पश्चिम भारतातल्या डाइकवर जे. बी. ऑडन यांनी १९४९ मध्ये लिहिले. त्यानंतरचा मोठा टप्पा २००७ चा. ज्योतिरंजन रे, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक यांनी नंदुरबार–धुळे पट्ट्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरपेक्षा लांब अशा २१० डाइकची त्यांनी नोंद केली. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. जवळजवळ सगळ्या भिंती उभ्या आणि बहुतेक पूर्व–पश्चिम धावणाऱ्या. सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटरची. ती साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्यापर्यंत, म्हणजे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते.

बहुतेक भिंती एकाच दिशेने का धावतात? भेग पडते ती जमीन जिकडे ताणली जाते त्याच्या आडव्या दिशेने. पूर्व–पश्चिम भिंतींवरून कळते की त्या काळी इथली जमीन उत्तर–दक्षिण ताणली जात होती. नर्मदा आणि तापी या दोन नद्याही पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, हे सहज आठवते.

जवळ जाऊन पाहिले तर एकेका भिंतीत वाचण्यासारखे पुष्कळ आहे. सपाट पसरलेला लाव्हा वरून-खालून थंड होतो, म्हणून त्यात उभे खांब तयार होतात. भेगेतला रस मात्र दोन्ही बाजूंच्या खडकाला टेकून थंड होतो, म्हणून त्याचे खांब आडवे पडतात. एखादी भिंत कडेने पाहिली की सरपणाची थप्पी लावून ठेवावी तसे पाच-सहा कोनांचे दगड एकावर एक रचलेले दिसतात. कडेचा दगड लवकर थंड झाल्याने बारीक कणांचा, तर मधला सावकाश थंड झाल्याने जाड कणांचा. साध्या भिंगानेही हा फरक ओळखता येतो. कडेपासून मध्यापर्यंत चालत जाणे म्हणजे लवकर गोठलेल्या दगडाकडून उशिरा गोठलेल्या दगडाकडे चालत जाणे.

वैज्ञानिकांमध्ये इथे काही प्रश्न खुले आहेत. दख्खनचे प्रचंड लाव्हाथर ज्या भेगांतून बाहेर आले त्या याच का? मोठ्या डाइकमधून हजार घनकिलोमीटरपेक्षा जास्त लाव्हा काही वर्षांतच बाहेर पडला असू शकतो, असे २००७ च्या अभ्यासाने सुचवले. भिंतीच्या दगडाची रासायनिक घडण कोणत्या लाव्हाथराशी जुळते, हे तपासण्याचे काम त्यानंतरही चालू राहिले. रस थेट खालून वर आला की दूरच्या कोठारातून आडवा सरकत आला, याचेही उत्तर सगळ्या भिंतींना एकच नाही. लांब भिंतींच्या बाबतीत आडव्या प्रवासाची बाजू अधिक भक्कम मानली जाते. या वादाचा संरक्षणाशी थेट संबंध आहे. उद्या एखादी भिंत खडीसाठी फोडली गेली, तर तिच्यापुरता पुरावाच नाहीसा होईल.

भिंत आणि विहीर

शेतकऱ्यासाठी डाइकचा अर्थ वेगळा आहे. साक्री तालुक्यातले डाइक भूजलाचे साठे म्हणून उपयोगी ठरू शकतात, हे रेमंड दुराईस्वामी यांनी २००५ मध्ये मांडले. डाइकच्या आडव्या-उभ्या सांध्यांत आणि कडेच्या कुजलेल्या दगडात पाणी मुरते. अखंड, घट्ट डाइक असेल तर तो जमिनीखाली बांधासारखा आडवा येतो आणि वरच्या अंगाला पाणी अडवतो. म्हणून भिंतीच्या एका बाजूच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी आणि दुसऱ्या बाजूची दिवाळीनंतर कोरडी, असे घडू शकते. पांझरा आणि तिच्या उपनद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटून घेणारा हा प्रदेश आहे. पाणी अडते कुठे आणि वाहते कुठे, याची जाण इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. डाइकच्या संरक्षणाचा विषय गावात मांडायचा असेल तर सुरुवात भूगर्भशास्त्रापासून करण्यापेक्षा विहिरीपासून केलेली बरी.

आज पाहायला जाणाऱ्याला काय मिळते

धुळ्याच्या दक्षिणेला मुंबई–आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या सुरुवातीच्या ठाण्यांपैकी हे एक. किल्ल्याच्या परिसरात वनखात्याचे कुरण आहे आणि त्यात लांडोर बंगला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये एका खटल्याच्या निमित्ताने धुळ्याला आले तेव्हा तिथे थांबले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे मोठ्या संख्येने लोक जमतात. पावसाने कुरण हिरवे झालेले असते. खडक, गवत, किल्ला आणि समाजाची स्मृती एकाच ठिकाणी आहेत आणि लोक आपणहून येतात. पर्यटनाचा आराखडा करणाऱ्यांनी आधी हे पाहावे.

साक्री तालुक्यात भामेरच्या डोंगरात खोदलेल्या गुहा आहेत. डाइक मात्र कुठेही ‘स्थळ’ म्हणून दाखवलेले नाहीत. रस्त्यावरून दिसतात तेवढेच.

जळगाव जिल्ह्यात सर्वांत संपन्न जागा पाटणादेवीची. चाळीसगावच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत लाव्हाथरांचे उंच कडे अर्धवर्तुळात उभे आहेत. मधे चंडिकादेवीचे जुने दगडी मंदिर, पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे, वर कण्हेरगड. दरीतून पायवाटेने पुढे गेले की पितळखोऱ्याची लेणी. त्यांतली सर्वांत जुनी कामे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा शिलालेख याच परिसरातल्या पाटणचा. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. एका दिवसात लाव्हाचे थर, लेणी आणि गणिताचा इतिहास पायी पाहता येईल अशी दुसरी जागा मला महाराष्ट्रात आठवत नाही.

तापी आणि पूर्णेच्या काठची घळींची जमीन याहून वेगळी. गाळाच्या जाड थरांत पाण्याने खोल चर पाडले आहेत. उभ्या मातीच्या भिंती आणि त्यांत वळत जाणाऱ्या अरुंद वाटा. ही मातीची शिल्पे दरवर्षी बदलतात. बागायतीसाठी जमीन सपाट करताना त्यांतली बरीच बुजवलीही जातात.

फिरायला जायचे तर पावसाळ्याचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ. मार्चनंतर दगड इतका तापतो की दुपारी चालणे धोक्याचे. माळावर सावली नाही, पाणी बरोबर न्यावे लागते. पावसाळ्यात पाटणादेवीच्या ओढ्यांना अचानक पाणी येते.

संरक्षण कुठवर पोहोचले

यावल अभयारण्य १९६९ चे. गौताळा औट्रमघाट आणि अनेर धरण ही अभयारण्ये १९८६ ची. पाटणादेवी गौताळ्यात येत असल्याने तिथले कडे वन्यजीव कायद्याच्या छायेखाली आले. जळगावजवळच्या लांडोरखोरी वनाला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ही सगळी संरक्षणे प्राणी आणि झाडे यांच्यासाठी आहेत. दगड राखला जातो तो ओघाने.

दगडासाठी स्वतंत्र कायदा देशात नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके जाहीर करते. लोणारचा त्यात समावेश आहे, पण केवळ त्या घोषणेने उत्खनन थांबवता येत नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलभोवती खाणी आणि इमारती कशा चढत गेल्या, ते मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने भू-वारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी ठेवला. दगडाला कायद्याची ओळख मिळावी ही भूवैज्ञानिकांची जुनी मागणी त्यात होती. मात्र स्थळ ठरवण्याचे आणि जमीन घेण्याचे अधिकार केंद्राकडे एकवटतात, राज्ये आणि स्थानिक लोक बाजूला पडतात, असा आक्षेप त्यावर घेतला गेला.

२०२५ मध्ये भारताने युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत दख्खन लाव्हाची ठिकाणे घातली, ती पाचगणी–महाबळेश्वरची. दख्खनचे थर तिथे ठसठशीत दिसतात, त्यामुळे निवड समजण्यासारखी आहे. पण ते थर ज्या भेगांशी जोडले जातात, त्यांतला मोठा समूह खानदेशात आहे.

चार भूमिका

पहिली भूमिका अभ्यासकांची. निवडक डाइक आणि घळी ‘भू-स्थळ’ म्हणून नोंदवा, त्यांच्या हद्दीत खाणपट्टा देऊ नका, माहितीफलक लावा. पुढे जमले तर जिओपार्ककडे जा. युनेस्कोने २०१५ मध्ये जिओपार्कला औपचारिक कार्यक्रमाचे रूप दिले. आज जगात असे २०० हून अधिक जिओपार्क आहेत, भारतात एकही नाही. जिओपार्कमध्ये शेती, वस्ती, व्यापार चालू राहतो. तिथल्या लोकांचा सहभाग ही त्याची अटच आहे. या भूमिकेची अडचण अशी की ती नकाशावर स्पष्ट असते आणि सातबाऱ्यावर धूसर. एकच भिंत वनजमीन, गायरान आणि खाजगी शेत अशा तिन्हींतून जाते.

दुसरी भूमिका पर्यटनाकडून रोजगार पाहणाऱ्यांची. अजिंठ्याला जाणारे प्रवासी जळगावला उतरतात, लेणी पाहून परततात. त्यांना आणखी एक-दोन दिवस खानदेशात थांबवता आले तर हॉटेल, गाडी, वाटाड्या, घरगुती जेवण या सगळ्यांना काम मिळेल. भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी यांसाठीही लोक थांबतील, हे मी खानदेशी अभिमानाने म्हणतो. गर्दीची भीती खरी आहे, पण अजिंठ्यालाच त्यावरचा एक उपाय दिसतो. तिथे खाजगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर प्रवासी बसने जातात. पाटणादेवीला असा नियम सहज बसेल. ७९ किलोमीटर लांबीच्या भिंतीला तो बसत नाही.

तिसरी भूमिका माळावर जगणाऱ्यांची. साक्री, शिंदखेडा भागातले ठेलारी मेंढपाळ पावसाळ्यानंतर कळप घेऊन लांब पल्ल्याच्या वाटा चालतात. पश्चिमेकडे भिल्ल, कोकणी, मावची वस्त्या वनजमिनी कसतात. ‘उद्यान’ हा शब्द ऐकला की त्यांना चराईबंदी आणि दंड आठवतो, आणि तो अनुभवाचा भाग आहे. जैसलमेरचे डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचे, त्याच्या हद्दीत कित्येक गावे. रस्ता, वीज, बांधकाम यांवरून तिथली तक्रार चार दशके चालू आहे. आपल्याकडे सोलापूर–अहिल्यानगरच्या माळढोक अभयारण्यात सुरुवातीला गावेच्या गावे घातली गेली आणि पुढे क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करावे लागले. दरम्यान लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडाला आणि माळढोकही वाढला नाही.

याच बाजूने एक उजळ उदाहरण साक्री तालुक्यातच आहे. बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम करून शेकडो हेक्टर जंगल राखले. कुऱ्हाडबंदी गावाने ठरवली आणि गावानेच पाळली. तिथली रानभाज्यांची पाककला स्पर्धा पाहायला आज बाहेरचे लोक येतात. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याचे जंगल उद्यान म्हणून जाहीर झालेले नाही. तरीही ते राखले गेले आणि लोक ते पाहायलाही येतात.

चौथी भूमिका दगड, वारा आणि ऊन यांचा वापर करणाऱ्यांची. महामार्गांच्या चौपदरीकरणाला खडी लागते आणि डाइकचा घट्ट दगड खडीसाठी उत्तम. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरातल्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून आहे. कोरड्या मुलखाला मिळालेले हे नवे उत्पन्न आहे, आणि कोळसा कमी जाळायचा तर अशा जागा लागणार, हा युक्तिवाद हलका नाही. पवनचक्क्यांसाठी वनजमीन देताना कसणाऱ्यांचे हक्क डावलले गेले, म्हणून आदिवासी शेतकऱ्यांनी आंदोलने केली, हीही याच प्रकरणाची बाजू.

अनिर्णित राहिलेले

मला सर्वांत मोठा पेच आकाराचा वाटतो. आपले संरक्षणाचे सगळे साचे तुकड्यांचे आहेत: अभयारण्य, वन, स्मारक, कुंपण. डाइक ही रेषा आहे. ती गावे, तालुके आणि जिल्हे ओलांडते. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाल्यापासून हा समूह तीन जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली आहे, आणि गौण खनिजाची परवानगी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी दिली जाते. साक्रीला जपलेली भिंत पारोळ्याला फोडता येते. रेषेचे संरक्षण करायचे तर संपूर्ण लांबी राखायची, की दर काही किलोमीटरवर एक नमुना? नमुना पुरेसा मानला तर निवड कशावर करायची: शास्त्रीय महत्त्वावर, पाण्यावर, की दिसण्यावर? या तिन्ही कसोट्यांवर एकच जागा येईल असे नाही.

दुसरा प्रश्न कायद्याच्या वाटेचा. जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळ जाहीर करताना राज्य सरकारला स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करावा लागतो. लांडोरखोरीला ही वाट चालली. ती माळरानाच्या गवतासाठी वापरून त्यातली भिंत आपोआप राखता येईल का? वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांनी स्वतःच्या आराखड्यात डाइकची नोंद केली तर ती खाणपट्ट्याच्या अर्जापुढे टिकेल का? दोन्ही शक्यता कागदावर आहेत. डाइकच्या बाबतीत त्यांची कसोटी लागायची आहे.

तिसरा प्रश्न झाडांचा. ओसाड म्हणून नोंदलेल्या माळावर वृक्षारोपणाचे खड्डे खणले की गवत जाते, भिंतीच्या कडेचा कुजलेला दगड उकरला जातो आणि पाणी मुरण्याची जागा बिघडते. झाडे लावू नयेत असे कुणी म्हणत नाही. कुठे लावू नयेत याची यादी मात्र हवी, आणि त्या यादीसाठी वनखाते, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांनी एका नकाशावर काम करायला हवे. २००७ च्या अभ्यासातले २१० डाइक, गावांच्या विहिरी, मेंढपाळांच्या वाटा, मंजूर खाणपट्टे आणि पवनचक्क्या एकाच नकाशावर आल्या की कोणत्या भिंतीवर खरोखर वाद आहे आणि कोणत्या भिंतीवर कुणाचीच हरकत नाही, ते दिसेल. हरकत नसलेल्या भिंतींपासून कामाला लागता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहावी लागणार नाही.